मुरलेला चहा आणि शिळा चहा

थंडीचे दिवस हे आमच्या कळंबच्या कापड बाजाराचे खरे दिवस. दिवाळीपासून कापूस विकला जाऊ लागतो, शेतकऱ्याच्या हाती चार पैसे येतात, मागची उधारी थोडीफार वसूल होते आणि लग्नाचा बस्ता बांधायला खेड्यापाड्यातून कुटुंबेच्या कुटुंबे दुकानात येतात. बस्ता म्हटला की दोन-तीन तासांची बैठक आणि बैठक म्हटली की चहा. गिऱ्हाईक गादीवर बसले की माल दाखवण्याआधी चहा सांगायचा, हा अब्बांच्या वेळेपासूनचा आमच्या दुकानाचा रिवाज आहे. माल घेवो न घेवो, चहा पाजायचा.

विदर्भाची थंडी बाहेरच्या माणसाला खरी वाटत नाही. त्याला आमचा मे महिनाच ठाऊक असतो. पण २९ डिसेंबर २०१८ रोजी नागपुरात पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता. आमच्याकडेही पौषात फजरच्या नमाजेहून परतताना तोंडातून वाफ निघते. अशा सकाळी दूध-साखरेचा उकळलेला चहा आपण सर्वच घेतो. आज मात्र वाचकांपुढे वेगळ्या चहाची हकीकत ठेवायची आहे. हा चहा आम्ही दुधाशिवाय पितो, साखरेचीही त्याला गरज पडत नाही, आणि तो नीट राखला तर जुना होईल तसा चांगला होतो. कापडाचा माल दोन वर्षे पडून राहिला की भाव उतरतो. या मालाचा चढतो. व्यापाऱ्याने कान टवकारावेत अशीच ही गोष्ट आहे. आम्हीही टवकारले. चहाची गोडी लागली आणि पुढे त्यातच एकदा हातही पोळला. दोन्ही सांगतो.

स्वेटर बाजारातील पहिला पेला

नागपुरात हिवाळ्यात तिबेटी लोकांचा स्वेटर बाजार भरतो, हे आपणास माहीत आहेच. १९५९ नंतर तिबेट सोडून हिंदुस्तानात आलेल्या लोकांपैकी काही कुटुंबे आमच्या विदर्भातच वसली. गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात, गोठणगाव-प्रतापगडच्या बाजूला, नोर्ग्येलिंग नावाची त्यांची वसाहत आहे. लुधियानाहून लोकरीचा माल उचलायचा, दोन-अडीच महिने शहरात दुकान मांडायचे आणि थंडी सरली की परत जायचे, हा अनेक तिबेटी कुटुंबांचा धंदा.

२०११ च्या डिसेंबरात आम्ही नागपूरला माल घेण्यासाठी गेलो होतो. मुलांसाठी स्वेटर पाहावेत म्हणून त्या बाजारात शिरलो. एका वयस्कर बाईंच्या दुकानावर भाव करता करता अर्धा तास गेला. घासाघीस संपली, सौदा पटला, तेव्हा त्या हसून म्हणाल्या, "भाईसाब, अब चाय पीके जाओ." आम्हाला आमच्याच दुकानाचा रिवाज आठवला. बसलो.

थर्मासमधून त्यांनी पेल्यात ओतला तो चहा मिठाचा होता, वर लोण्याचा तवंग. आमच्या जिभेला तो चहा वाटलाच नाही, पातळ सूप वाटले. चेहऱ्यावरून त्यांनी ओळखले. मग कागदात गुंडाळलेली एक काळी वीट काढून दाखवली. त्यांचे कुणी नातेवाईक काठमांडूहून घेऊन आले होते. आता त्यांच्याही पुष्कळ घरांत साधी हिंदुस्तानी पत्ती वापरतात, पण म्हाताऱ्या माणसांना हीच वीट हवी असते, असे त्या म्हणाल्या. त्यातला तुकडा तोडून त्यांनी नुसत्या पाण्यात उकळला आणि लोणी-मीठ न घालता आम्हाला दिला.

तो पेला आजही आठवतो. रंग भिजवलेल्या काळ्या मनुकांच्या पाण्यासारखा. वास पहिल्या पावसानंतर आमच्या काळ्या रानाला सुटतो तसा, त्यात जुन्या लाकडी पेटीचा थोडा वास मिसळलेला. तोंडात घेतला तर तुरटपणा जवळजवळ नाही. घोट उतरल्यावर मात्र घशात खजुराच्या जवळची हलकी गोडी राहिली आणि पाच मिनिटांत अंगात ऊब आली. निघताना त्यांनी पाव वीट कागदात बांधून हातावर ठेवली. पैसे घेतले नाहीत.

हा चहा म्हणजे काय?

चहाचे झाड एकच. आपण दुकानातून आणतो तो बारीक दाणेदार चहा सीटीसी यंत्रावर चिरडून, फाडून, वळवून तयार होतो. हे यंत्र १९३० च्या दशकात आसामात आले. तो लवकर उतरतो, कडक असतो, दुधाला पेलतो. पण वर्ष-दोन वर्षांत त्याचा वास उडतो आणि मग तो फक्त रंग देतो. नुसत्या पाण्यात करून लिंबू पिळलेला आपला सुलेमानी चहाही याच मालाचा.

आपण ज्याची गोष्ट करीत आहोत तो चहा चीनचा. त्याची पाने वाळवल्यावर त्यांत सूक्ष्म जंतू आणि बुरशी यांच्या साहाय्याने हळूहळू आंबण्याची क्रिया होते. लोणचे मुरते तसा हा चहा मुरतो. नंतर किंवा त्याआधी वाफेवर नरम करून त्याच्या विटा किंवा चकत्या दाबतात. तिबेटात जाणाऱ्या विटा मुख्यत्वे सिचुआन प्रांतातील या-आन भागातल्या. चकत्यांसाठी युन्नान प्रांताचा पु-अर चहा प्रसिद्ध आहे.

पु-अरमध्ये दोन जाती आहेत आणि धंद्याच्या दृष्टीने हा फरक समजून घेतला पाहिजे. एक कच्चा. तो दाबून ठेवतात आणि तो आपल्या चालीने वर्षानुवर्षे मुरत जातो. दुसरा पक्का. १९७३ च्या सुमारास युन्नानच्या सरकारी कारखान्यांनी ओल्या पानांचे ढीग लावून, वर कापड झाकून, दीड-दोन महिन्यांत मुरवण्याची रीत बसवली. तो पहिल्या दिवसापासून काळाच असतो. म्हणजे काळा रंग पाहून चहा जुना आहे असे समजणारा फसलाच.

मालाची बांधणी आमच्या थानांसारखी हिशेबी. एक चकती ३५७ ग्रॅमची. सात चकत्यांची एक गुंडाळी बांबूच्या पापुद्र्यात बांधतात, ती होते अडीच किलोची. अशा बारा गुंडाळ्या म्हणजे ८४ चकत्या, सुमारे तीस किलोंचा एक नग. खेचराच्या दोन्ही अंगांना एकेक नग लटकवला की वजन बरोबर तोलले जाते.

चहाचे काफिले आणि आपली माणसे

या खेचरांच्या काफिल्यांत मुसलमान व्यापारी फार मोठ्या संख्येने होते, ही गोष्ट आपल्यापैकी थोड्यांनाच माहीत असेल. युन्नानमध्ये हुई मुसलमानांची जुनी वस्ती आहे. ब्रह्मदेशात त्यांना पंथे म्हणतात. डोंगरी वाटांवर खेचरे हाकणे हा त्यांचा पिढीजात पेशा आणि ब्रह्मदेशातला कच्चा कापूस युन्नानात नेणे हा त्यांचा मोठा व्यवहार. कापसाच्या मुलखात राहणाऱ्या आम्हाला हे वाचून आपल्याच आडत बाजाराची आठवण झाली. चिनी राजवटीच्या जुलमाविरुद्ध तेथील मुसलमानांनी १८५६ मध्ये उठाव केला. तू वेन-श्यू हे त्यांचे पुढारी सुलतान सुलेमान या नावाने दालीहून कारभार पाहत होते. १८७३ पर्यंत तो उठाव मोडला गेला, अनेक कुटुंबे ब्रह्मदेशात गेली आणि तेथेही त्यांनी काफिल्यांचा धंदा उभा केला.

दुसरी वाट लडाखची. १६८४ च्या तहाप्रमाणे लेहहून दर तीन वर्षांनी लोपचाक नावाचा काफिला ल्हासाला जाई आणि ल्हासाहून दरवर्षी दोनशे ओझी चहा लेहला येई. लडाखचा राजा बौद्ध, ल्हासाचे सरकार बौद्ध, पण लोपचाकची जबाबदारी पुष्कळदा लेहच्या मुसलमान व्यापारी घराण्यांकडे असे. लेहचे अब्दुल वाहिद राधू यांनी १९४२ मध्ये लोपचाकच्या काफिल्याबरोबर ल्हासाचा प्रवास केला आणि पुढे त्यावर पुस्तक लिहिले. ल्हासात काश्मिरी वंशाच्या मुसलमानांचा मोहल्ला होता, मशीद होती. १९५९ नंतर त्यांच्यातील अनेक कुटुंबे हिंदुस्तानात परतली आणि श्रीनगरला ईदगाहजवळ वसली.

महिनोन्महिने चालणाऱ्या व्यापारात दुसऱ्या धर्माचे राज्य आपला माल आणि आपला शब्द या माणसांच्या हवाली करीत असे. आमच्या मते त्यांच्या व्यापाराचे खरे भांडवल हेच होते. ओझ्यात भेसळ निघाली असती तर पुढच्या खेपेला दुसऱ्याचे नाव लागले असते.

करण्याची आणि चाखण्याची रीत

आता पेल्याकडे वळू. वीट किंवा चकती हातोडीने फोडू नये, भुगा होतो. गाठोडी शिवायचा दाभण आपल्याकडे असतोच. तो स्वच्छ धुऊन, कडेतून आडवा घालून हलकेच उचकटावा. पानांचे थर सुटून येतात. दोन माणसांना पाच-सहा ग्रॅम पुरतात. आम्ही दुकानातला छोटा तराजू वापरतो.

पाणी खळखळून उकळलेले हवे. पहिले पाणी पानांवर ओतून लगेच फेकून द्यावे. त्याने धूळ निघते आणि दाबलेली पाने मोकळी होतात. मग दुसरे पाणी ओतून पंधरा-वीस सेकंदांत गाळावे. तीच पाने सात-आठ वेळा चालतात, दर वेळी थोडा अधिक वेळ द्यायचा. एवढी फुरसत नसेल तर तीन कप पाण्यात चमचाभर पाने घालून तीन-चार मिनिटे उकळावीत. विटेच्या चहाला हीच रीत मानवते. साखर पहिल्या दिवशी तरी घालू नये. तिच्याखाली मालाचा गुण आणि दोष दोन्ही झाकले जातात.

चाखताना आम्ही कापडाचाच कायदा लावतो. कापड आधी उजेडात धरतो, मग हाताला लावतो, मग आतली घडी उलगडतो. चहाही आधी उजेडात पाहावा. रंग कितीही गडद असो, गढूळ नसावा. मग वास घ्यावा. माती, लाकूड, सुका मेवा यांचा वास चालतो. ओल्या गोणपाटाचा, मासळीचा किंवा कुबट बुरशीचा वास आला तर पेला बाजूला ठेवावा. मग घोट. तो जिभेवरून रेशमासारखा गेला पाहिजे, घसा कोरडा पडता कामा नये. शेवटी भिजलेली पाने बोटांत चुरून पाहावीत. चांगल्या मालाची पाने नरम आणि चिवट राहतात. कोळशासारखी कडक, किंवा चिखलासारखी विरघळणारी पाने म्हणजे मुरवताना काही बिघडले आहे.

आमच्या घरी हा चहा ईशाच्या नमाजेनंतर होतो. शेगडीत दोन निखारे, ताटात भाजलेल्या शेंगा आणि गूळ. मुलांना पहिल्या वर्षी तो आवडला नाही. आता तेच आठवण करून देतात.

डांबरगोळ्यांचा धडा

त्या पाव विटेचे आम्ही दोन भाग केले होते. अर्धा भाग दुकानात, भारी साड्यांच्या कपाटात ठेवला. वाटले, तेथे ऊन नाही, ओल नाही, उंदीर नाही. उरलेला अर्धा घरच्या मंडळींनी एका कोऱ्या मातीच्या गाडग्यात घालून, तोंडाला मलमलचा तुकडा बांधून, चुलीपासून लांब फडताळात ठेवला.

पुढच्या हिवाळ्यात दुकानातला तुकडा उकळला आणि पहिल्याच घोटाला तोंड फिरवावे लागले. कपाटात डांबरगोळ्या होत्या. कापड त्यांचा वास धरते आणि उन्हात टाकले की सोडते. चहा धरतो, सोडत नाही. सगळा फेकावा लागला. गाडग्यातला तुकडा मात्र पहिल्यापेक्षा सरस लागला. वास गोडसर झाला होता, मातीचा वास मागे सरला होता.

तेव्हापासून आमचा नियम असा. अत्तर, मसाला, साबण, रॉकेल, डांबरगोळी यांच्या शेजारी चहा ठेवायचा नाही. हवाबंद प्लास्टिकच्या डब्यातही नाही, कारण मुरायला थोडी हवा लागते. पावसाळ्यात महिन्यातून एकदा पाहणी करायची. पांढरी, हिरवी, केसाळ बुरशी दिसली तर झटकून वापरायचा मोह धरू नये, फेकून द्यावा. वैशाखात आमच्याकडे हवा अगदी कोरडी होते. तेव्हा गाडगे घरातल्या थंड कोपऱ्यात हलवायचे.

जुनेपणाचा सौदा

आता हात पोळल्याची हकीकत. २०१६ साली एका मोठ्या शहराच्या कापड पेठेत एका दलालाने आम्हाला दहा चकत्या दाखवल्या. पंधरा वर्षांचा माल, भाव दरवर्षी चढतो, सोन्यासारखा ठेवा, असे त्याचे बोलणे. वेष्टनावरचे वर्ष चिनी अक्षरांच्या मध्ये छापलेले होते. रमजानपूर्वीच्या खरेदीसाठी आणलेल्या रकमेतून आम्ही त्या दहाही चकत्या घेतल्या. पावती कच्ची. चाखून पाहतो म्हणालो तर "शौकिया माल खोलत नाहीत" असे उत्तर मिळाले आणि आम्ही ते मानले. ज्या माणसाने आयुष्यात घडी उलगडल्याशिवाय थान घेतले नाही, त्याने बंद माल घेतला.

कळंबला आल्यावर दोन चकत्या ओळखीच्या दोन गिऱ्हाइकांना विकल्या. पंधरा वर्षांचा माल असे आमच्याच तोंडाने सांगितले. खाद्यपदार्थ विकायला सरकारी अन्न नोंदणी लागते, कापडाच्या दुकानालाही ती चुकत नाही, हाही विचार केला नाही. ती दुसरी चूक. आठवड्याने तिसरी चकती घरी फोडली. वरून काळी, आत ओल्या गोदामाचा कुबट वास आणि कडक, जळकी पाने. ढिगात घाईने मुरवलेला हलका माल होता. पंधरा वर्षे सोडा, त्याचे खरे वय किती हे सांगायला आमच्याजवळ काहीच पुरावा नव्हता.

त्या रात्री धान्याच्या ढिगाची ती हदीस डोळ्यांपुढून जाईना. रसूलुल्लाह (स.अ.स.) यांनी बाजारात एका ढिगात हात घातला, आतले धान्य ओले लागले, तेव्हा ओला भाग लोकांना दिसेल असा वर का ठेवला नाही, असे त्यांनी विकणाऱ्याला विचारले. ही गोष्ट आम्ही उर्दू शाळेत पाठ केली होती. आमच्या ढिगात हात घालायला कोणी आले नव्हते, एवढाच फरक. दुसऱ्या दिवशी दोन्ही घरी गेलो, खरे काय ते सांगितले आणि पैसे परत केले. एकाने चकती परत दिली. दुसऱ्याने ती चोळून टाकली होती, तरी पैसे दिले. रमजानला त्या वर्षी माल कमी भरला. नुकसान झाले ते झाले. पण त्या दोघांपैकी एकाच्या मुलीच्या लग्नाचा बस्ता पुढे आमच्याच दुकानात बांधला गेला.

एकट्यादुकट्याचीच अशी फसगत होते असे नाही. पु-अरच्या मुलखातच या जुनेपणाच्या नावाने मोठा सट्टा खेळला गेला. प्यायला कमी आणि ठेवायला जास्त अशी खरेदी सुरू झाली, भाव वर्षागणिक कितीतरी पट चढले आणि २००७ साली ते धाडकन कोसळले. कर्ज काढून माल भरलेले व्यापारी बुडाले. भाव चढावा म्हणून माल दडवणे, ज्याला शरियतमध्ये इहतिकार म्हणतात, आणि ज्याचे वय व गुण नक्की माहीत नाहीत असा बंद सौदा करणे, या दोन्हींपासून आपल्याला का रोखले आहे, हे पाहायचे असेल तर हे उदाहरण पुरेसे आहे.

म्हणून आमची कारागीर व व्यापारी बंधूंना विनंती आहे. शौकासाठी एखादी चकती किंवा वीट जरूर घ्या. पण चाखल्याशिवाय घेऊ नका, पक्की पावती घ्या आणि वर्षाच्या आकड्याला पैसे देण्यापेक्षा पेल्यातल्या चवीला द्या. विकायचा विचार असेल तर नोंदणी करा, वेष्टनावर आयात करणाऱ्याचे नाव आणि तपशील आहे का ते पाहा आणि जेवढे माहीत आहे तेवढेच गिऱ्हाइकाला सांगा.

प्रकृतीविषयी एक सूचना

हा चहा म्हणजे दवा नव्हे. उलट एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागेल. विटांचा चहा बहुधा जून, जाड पानांचा असतो आणि जून पानांत फ्लोराईड जास्त साठते. तिबेटी मुलखात दिवसभर हाच चहा पिणाऱ्या लोकांमध्ये त्यामुळे दात व हाडांचे विकार आढळले आहेत. आमच्या यवतमाळ जिल्ह्यात तर अनेक गावांच्या बोअरच्या पाण्यातच फ्लोराईड अधिक आहे. पिण्याच्या पाण्यात लिटरला दीड मिलिग्रॅम ही त्याची शेवटची मर्यादा मानतात. ज्यांच्या गावचे पाणी असे आहे त्यांनी विटेचा चहा रोजचा करू नये आणि लहान मुलांना देऊ नये. इतरांनीही थंडीत एखादा-दुसरा पेला, एवढ्यावर थांबावे. जेवणावर लगेच घेऊ नये, अन्नातले लोह अंगी लागत नाही.

२०२४ च्या फेब्रुवारीत वर्धा-कळंब रेल्वे सुरू झाली. वर्ध्यापर्यंत आता गाडी आहे आणि तेथून नागपूर दूर नाही. आम्ही हिवाळ्यात नागपूरला गेलो की स्वेटर बाजारात एक फेरी मारतोच. त्या बाई आता दिसत नाहीत. त्यांनी दिलेल्या विटेचा सुपारीएवढा तुकडा अजून गाडग्यात आहे. त्यावर वर्ष छापलेले नाही, कंपनीचे नाव नाही. तरी तो किती खरा आहे हे आम्हाला ठाऊक आहे, कारण देणाऱ्याने आधी आमच्यासमोर तोडला, उकळला, पाजला आणि मगच हातावर ठेवला.

यंदा थंडी बरी आहे. कळंबला आलात तर दुकानावर या. माल घ्या, न घ्या, चहा पिऊन जा.